सोलापूरहून अंदमान, निवांत सुट्टीसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट या भागातून जे प्रश्न सारखे येतात, ते या पानावर एकत्र केले आहेत. सहा दिवसांत अकरा ठिकाणं उरकायची असतील तर इथे फारसं काही सापडणार नाही. एक-दोन बेटांवर पाय पसरून राहायचं आणि ताजंतवानं होऊन परतायचं, असा बेत असलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. एकाच विषयाचे धागे दोन ठिकाणी आले तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अंदमानला जायला पासपोर्ट किंवा परमिट लागतं का?

नाही. अंदमान-निकोबार हा केंद्रशासित प्रदेश आहे. श्री विजयपुरम (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर), स्वराज द्वीप, शहीद द्वीप अशा नेहमीच्या ठिकाणी भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही. फोटो असलेलं मूळ ओळखपत्र मात्र प्रत्येकाचं जवळ हवं, लहान मुलांचंसुद्धा. फेरीचं (म्हणजे बेटांमधल्या प्रवासी बोटीचं) तिकीट काढताना ओळखपत्राचा क्रमांक विचारतात आणि धक्क्यावर तपासतात. निकोबार बेटं आणि आदिवासींसाठी राखीव भाग पर्यटकांना खुले नाहीत (पाहा प्रश्न २०).

२. एजंट 'हॅवलॉक' म्हणतो, तिकिटावर 'स्वराज द्वीप' आहे. ठिकाण एकच ना?

एकच. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम ठेवलं. बोलताना रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे अजून जुनीच नावं घेतात, म्हणून दोन्ही लक्षात ठेवा. बुकिंग साइटवर एका नावाने हॉटेल सापडलं नाही, तर दुसऱ्या नावाने शोधा.

३. सोलापूरहून जायचा सगळ्यात सोयीचा मार्ग कोणता?

हैदराबाद. पुण्या-मुंबईला जाऊन विमान पकडायची सवय असते म्हणून अनेक जण आधी पश्चिमेला अडीचशे-चारशे किलोमीटर जातात आणि मग विमानाने पुन्हा पूर्वेला येतात. होटगी रस्त्यावरच्या आपल्या विमानतळावरची मुंबई-गोव्याकडची विमानंही या कामाला उलट्याच दिशेची. हैदराबाद साधारण तीनशे किलोमीटर. तिथून श्री विजयपुरमला थेट विमान मिळतं, दोन-अडीच तासांत पोहोचवतं.

रस्त्याने: राष्ट्रीय महामार्ग ६५ धरून नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद, संगारेड्डी. सहा तास धरा. पुढची गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. विमानतळ शमशाबादला, शहराच्या दक्षिणेला आहे. शहरात शिरायची गरजच नाही. पटनचेरूजवळ आउटर रिंग रोडला चढायचं आणि थेट शमशाबादला उतरायचं. मियापूर-कुकटपल्लीच्या गर्दीत शिरलात, तर तास-दीड तास तिथेच जातो.

रेल्वेने: हुसेनसागरसारख्या मुंबई-हैदराबाद गाड्या सोलापूरवरून वाडी-विकाराबादमार्गे जातात, सहा-सात तास लागतात. गाडी सकाळी पोहोचणार आणि विमान त्याच दुपारी, असा बेत करू नका. अंदमानची बहुतेक विमानं सकाळी किंवा दुपारी लवकर सुटतात आणि वाडीच्या पुढे-मागे गाडी रखडली की पुढचं सगळंच कोसळतं. आदल्या दिवशी जाऊन शमशाबादजवळ मुक्काम करणं चांगलं.

चेन्नईहून विमानं जास्त आहेत आणि सोलापूर मुंबई-चेन्नई मुख्य मार्गावर असल्याने गाडीही थेट मिळते, पण रेल्वेचा प्रवास खूप लांबतो. हैदराबादचं भाडं परवडत नसेल, तेव्हाच हा पर्याय.

४. कधी जावं? दिवाळीत, गड्डा झाल्यावर की मे महिन्यात?

गड्डा झाल्यावर. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चअखेर हा सर्वांत चांगला काळ: समुद्र शांत, पाणी स्वच्छ, पाऊस नावापुरता, आणि नाताळ-नववर्षाची गर्दी व चढे भाव ओसरलेले. सिद्धेश्वर यात्रा उरकून निघालात की बरोबर जमतं.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असतात, पण तिकडे ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळंही तयार होतात. म्हणजे सुट्टी वायाच जाईल असं नाही, पण दोन दिवस खोलीत बसायची तयारी हवी.

मे महिन्याबद्दल गैरसमज फार. सोलापुरात पारा ४३-४४ वर गेला की माणूस समुद्राकडे पळायला बघतो. अंदमानात तेव्हा ३१-३३ अंशच असतात, पण हवा इतकी दमट की घाम सुकतच नाही. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्याची सवय झालेल्या शरीराला तो उकाडा वेगळाच वाटतो. त्यातच नैऋत्य मोसमी पाऊस देशात सर्वांत आधी अंदमानात येतो, साधारण २० मेच्या आसपास. मेमध्येच जायचं असेल तर पहिल्या पंधरवड्यात जा आणि एसी खोली घ्या. जून ते सप्टेंबर टाळाच. समुद्र खवळलेला असतो, फेऱ्या रद्द होतात.

५. किती दिवस लागतात आणि किती बेटं करावीत?

सात रात्री, दोन बेटं. पहिली रात्र श्री विजयपुरम, तीन रात्री स्वराज द्वीप, दोन शहीद द्वीप आणि शेवटची पुन्हा श्री विजयपुरम. सोलापूर-हैदराबाद येण्या-जाण्याचे दोन दिवस वेगळे धरा.

पाचच रात्री मिळत असतील तर शहीद द्वीप सोडा आणि तीन रात्री स्वराज द्वीपवरच राहा. 'एवढ्या लांब आलोय तर तेही बघून घेऊ' या हट्टापायी सुट्टी बोटींच्या धक्क्यांवर संपते. एक बेट बदलायचं म्हणजे सकाळी सामान बांधणं, खोली सोडणं, तासभर आधी धक्क्यावर जाणं, रांग, बोट, पुन्हा रिक्षा, पुन्हा दुपारपर्यंत खोलीची वाट पाहणं. अर्धा दिवस तरी गेलाच. शेवटची रात्र मुख्य बेटावर का, ते प्रश्न १० मध्ये.

६. स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप यांत फरक काय?

स्वराज द्वीप मोठं, जंगल जास्त, हॉटेलं आणि स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली डुबकी) केंद्रं जास्त, राधानगरसारखा रुंद वाळूचा किनारा. शहीद द्वीप लहान, सपाट, भाताची खाचरं आणि भाजीचे मळे असलेलं. सायकल घेऊन एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आरामात जाता येतं. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर हे तिथले किनारे. लगबग नको, पुस्तक घेऊन पडून राहायचंय, तर शहीद द्वीप. पोहायचं, डुबकी मारायची, थोडी वर्दळ हवी, तर स्वराज.

७. स्वराज द्वीपवर हॉटेल कुठल्या किनाऱ्याला घ्यावं? फोटोत सगळे सारखेच दिसतात.

सारखे नाहीत आणि इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. गोविंदनगर (तीन नंबर) आणि विजयनगर (पाच नंबर) हे किनारे पूर्वेला आहेत. हॉटेलं, खाणावळी, दुकानं सगळी इकडे. सूर्योदय खोलीसमोर. पण पाणी उथळ, तळाशी खडक आणि प्रवाळ. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समोर काळे खडक आणि डबकीच दिसतात. 'बीचफ्रंट' लिहिलेलं असतं, पण समोर पोहता येईलच असं नाही.

राधानगर (सात नंबर) पश्चिमेला, धक्क्यापासून बारा-एक किलोमीटर. वाळू मऊ, तळ सपाट, त्यामुळे ओहोटीतही पाण्यात उतरता येतं. सूर्यास्तही इथलाच. राहायच्या जागा मोजक्या आणि बहुतेक महाग.

मध्यमवर्गीय खिशाला जमणारा मार्ग असा: मुक्काम विजयनगरला, आणि रोज दुपारी स्कूटर किंवा रिक्षाने राधानगर.

८. भरती-ओहोटीचा एवढा बाऊ कशाला? समुद्र तो समुद्रच ना?

आपल्याकडे हिप्परग्याचा तलाव किंवा उजनीचं पाणी सकाळी असतं तिथेच संध्याकाळी असतं. समुद्राचं तसं नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर भरतीच्या दोन तास आधीपासून दीड-दोन तास नंतरपर्यंतच पाणी पोहण्याजोगं असतं. ओहोटीत चालत आत गेलात तर दोन नुकसानं: तळव्यांना धारदार प्रवाळ लागतं आणि पायाखाली जिवंत प्रवाळ मोडतं.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर येतं आणि खूप मागे जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, चढ-उतार कमी. शहीद द्वीपवर लक्ष्मणपूर दोन नंबरला दगडाची नैसर्गिक कमान आहे, तिला स्थानिक लोक हावडा ब्रिज म्हणतात. तिथे ओहोटीतच जाता येतं, आणि उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त हटत असल्याने खडकांतल्या डबक्यांत मासे, समुद्रकाकड्या, खेकडे नीट दिसतात. तिथे रबरी तळाची चप्पल घाला, शेवाळावरून पाय सटकतो. पाणी चढायला लागलं की फोटो बास करून मागे फिरा.

तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब इथे लावू नका. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. पोर्ट ब्लेअरची भरती-सारणी इंटरनेटवर मिळते, हॉटेलवालेही सांगतात. निघायच्या आधीच सुट्टीच्या दिवसांच्या वेळा कागदावर उतरवून घ्या, कारण प्रश्न १७.

९. फेरी सरकारी घ्यावी की खासगी?

वेळेची खात्री हवी असेल तर खासगी. श्री विजयपुरम ते स्वराज द्वीप खासगी फेरी साधारण दीड तासात नेते, सरकारी बोटीला दोन ते अडीच तास. मक्रुझ, नॉटिका, ग्रीन ओशन या खासगी फेऱ्या हॅडो धक्क्यावरून सुटतात, सरकारी फिनिक्स बे धक्क्यावरून. दोन धक्के वेगळे आहेत, रिक्षात बसतानाच नीट सांगा. चुकीच्या धक्क्यावर उतरून बोट हुकणं हा तिथला नेहमीचा प्रकार.

सरकारी बोट खूपच स्वस्त आणि डेकवर उभं राहून समुद्र बघता येतो, पण जागांमध्ये स्थानिकांना प्राधान्य असतं आणि ते रास्तच आहे. त्यांचा तो रोजचा प्रवास. खासगी बोटी बहुतेक बंद, एसी. डेक हवा असेल तर तिकीट काढण्याआधी विचारा. सीझनमध्ये फेरीची तिकिटं विमानापाठोपाठ, हॉटेलच्या आधी काढा. खोली ऐन वेळीही मिळते, बोटीतली जागा मिळेलच असं नाही.

१०. परतीचं विमान दुपारी दोनचं आहे. त्याच सकाळी शहीद द्वीपहून पहिल्या बोटीने आलो तर चालेल ना?

कागदावर चालतं. पण वारा वाढला, खराब हवामानाचा इशारा आला, बोटीत बिघाड झाला, की ती सकाळ गेली. कंपनीने फेरी रद्द केली तर फेरीचे पैसे मिळतात. विमान चुकल्याचे आणि त्यामुळे हुकलेल्या हैदराबाद-सोलापूर गाडीचे कोणी देत नाही. म्हणून शेवटची रात्र मुख्य बेटावर. ती संध्याकाळ वाया जात नाही, तेव्हा सेल्युलर जेल बघता येतं (प्रश्न २१).

११. फेरी रद्दच झाली आणि आम्ही बेटावर अडकलो, तर?

घाबरू नका, आणि धक्क्यावर सामान घेऊन बसू नका. क्रम असा: आधी हॉटेलला सांगून खोली एक दिवस वाढवा, कारण तेच काम बाकीचे अडकलेलेही करणार असतात. मग कंपनीकडून परतावा किंवा पुढच्या फेरीतली जागा, लेखी किंवा मेसेजवर. तिसरं, सरकारी बोटीच्या खिडकीवर चौकशी. मोठी सरकारी बोट कधीकधी लहान खासगी बोटी थांबल्या तरी सुटते. खासगी लहान होड्यांतून 'नेऊन सोडतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. दोन दिवस पुरतील एवढी औषधं हातातल्या पिशवीत असलीच पाहिजेत.

१२. घाटात एसटी लागते, मग बोट लागेलच. काय करावं?

जानेवारी-मार्चमध्ये समुद्र शांत असतो, बहुतेकांना काही होत नाही. तरी ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांनी लिहून दिलेली मळमळीची गोळी बोटीत बसण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी उशीरच करते. बसायचं खालच्या मजल्यावर, मध्यभागी किंवा मागच्या बाजूला, कारण पुढचं टोक सगळ्यात जास्त उसळतं. मोबाइल बंद, नजर खिडकीतून क्षितिजावर. पोट रिकामं नको आणि तुडुंब नको. दोन इडल्या चालतील, पुरी-भाजी नको. आलेपाकाची वडी खिशात असू द्या.

१३. संध्याकाळी साडेपाचला राधानगरला पोहोचलो तर अंधार पडत आला होता. असं का?

घड्याळ भारताचं, पण बेटं खूप पूर्वेला. सोलापूर सुमारे ७६ रेखांशावर, श्री विजयपुरम जवळजवळ ९३ वर. तेवढ्यानेच सूर्य तिथे तासाभराहून थोडा अधिक लवकर येतो आणि लवकर जातो. डिसेंबर-जानेवारीत सूर्यास्त पाच ते सव्वापाचला. सूर्यास्त बघायचा तर साडेतीनला राधानगरला पोहोचा, आधी पोहून घ्या, मग वाळूत बसा. अंधार झाल्यावर पाण्यात जाऊ देत नाहीत. परतीचा रस्ता जंगलातला आहे, स्कूटरचा दिवा आधी तपासा. रात्री आठ-नऊपर्यंत दुकानं मिटतात. एकंदरीत दिवस तासभर अलीकडे ओढा: पाचला उठा, नऊला झोपा. विश्रांतीला हे वेळापत्रक फार मानवतं.

१४. पोहता येत नाही. स्नॉर्कलिंग, स्कूबा करता येईल का?

दोन्ही येतं. स्नॉर्कलिंगला (मास्क लावून पाण्यावर तरंगत खालचं बघायला) लाइफ जॅकेट आणि ट्यूब घालून गाइड ओढत नेतो. स्वराज द्वीपवर त्यासाठी एलिफंट बीच. तिथे धक्क्यावरून होडीने जातात किंवा जंगलातून पायी. होडीने सकाळी पहिल्या खेपेत जा, दहानंतर जत्रा होते. मास्क नीट बसला का, हे पट्टा न लावता पाहा: तोंडावर ठेवून नाकाने श्वास आत ओढायचा, हात सोडला तरी मास्क चिकटून राहिला पाहिजे. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये ओठावरून पाणी शिरतं. तिथे थोडं व्हॅसलिन लावतात.

स्कूबाची पहिली डुबकी प्रशिक्षक धरून नेतो, वय किमान १० वर्षं. आधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काही असेल तर लपवू नका. सर्दी असेल त्या दिवशीही नको: नाक चोंदलं की कानातला दाब सारखा होत नाही आणि चार-पाच मीटरवरच कान ठणकायला लागतो. असं झालं तर रेटून खाली जायचं नाही. हाताने कानाची खूण करायची, थोडं वर यायचं, नाक दाबून हलकेच फुंकायचं.

डुबकीनंतर विमान: एका डुबकीनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त डुबक्या असतील तर १८ तास जाऊ द्यावे लागतात. बरीच केंद्रं २४ सांगतात, तेच पाळा. शरीरात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे होऊन बाहेर पडू नये, हे त्यामागचं कारण. म्हणून स्कूबा सहलीच्या सुरुवातीला ठेवा.

१५. विहिरीत पोहून शिकलोय, चांगलं पोहता येतं. समुद्रात धोका काय?

ओढ. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं, आणि पट्टीचा पोहणाराही त्याच्याविरुद्ध किनाऱ्याकडे हात मारून दमतो. बुडतात ते बहुधा दमल्यामुळे. ओढीत सापडलात तर किनाऱ्याला समांतर पोहायचं, पट्टा संपला की लाटेबरोबर आत यायचं. दम लागला तर नुसतं तरंगायचं आणि हात वर करायचा. लाल झेंडा असेल तिथे पाण्यात उतरायचंच नाही, आणि जीवरक्षक नसतील तिथे कमरेच्या वर पाण्यात जायचं नाही.

दुसरा धोका खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा. अंदमानात त्या आहेत आणि स्वराज द्वीपवर जीवही गेला आहे. तिवरांच्या खाड्या, खाडीचं तोंड, निर्मनुष्य कोपरे आणि संधिप्रकाश टाळा. सूचनाफलक फोटोसाठी लावलेला नसतो.

१६. पायाला लाल गांधी उठतात आणि आठवडाभर खाजतात असं ऐकलं. डास का?

डास नाहीत, वाळूतल्या बारीक माश्या. तिकडे सँडफ्लाय म्हणतात. सकाळ-संध्याकाळी, वाळूवर आडवं झालं की चावतात. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी खाज सुटते. पाय-पोटऱ्यांना खोबरेल तेल जाडसर लावणं हा तिथला साधा उपाय, कारण तेलात त्या चिकटतात. वाळूवर थेट न झोपता चटई किंवा खुर्ची घ्या. खाजवून जखम केली तर दमट हवेत ती चिघळते. खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा.

१७. फोन, इंटरनेट, यूपीआय चालतं का?

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाल्यापासून परिस्थिती पुष्कळ सुधारली. श्री विजयपुरममध्ये अडचण येत नाही. बेटांवर मात्र बाजारात रेंज, जंगलाच्या रस्त्यावर शून्य, असं चालतं. एटीएम मोजकी आणि कधी रिकामी. माणशी रोजचा खाण्या-फिरण्याचा खर्च रोख जवळ ठेवा, पन्नास-शंभरच्या नोटांत. तिकिटं आणि हॉटेलचं बुकिंग फोनमध्ये डाउनलोड करा आणि एक छापील प्रत ठेवा. ऑफिसला 'तिथून काम करतो' असं कबूल करू नका, एवढाच सल्ला.

१८. शाकाहारी लोकांचे हाल होतात का? कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेली तर?

हाल होत नाहीत. बेटांवर बंगाली आणि तमिळ वस्ती बरीच आहे, त्यामुळे डाळ-भात, भाजी, डोसा-इडली सगळीकडे. भाज्या महाग, कारण शहीद द्वीपवर पिकतं ते सोडून बरंचसं बोटीने येतं. कांदा-लसूण नको असेल तर हॉटेलला आदल्या दिवशी सांगा.

कडक भाकरी न्या, पण हवाबंद डब्यात. तिथल्या हवेत उघडी राहिली तर अर्ध्या दिवसात चिवट होते. शेंगा चटणी दुहेरी पिशवीत बांधून चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या बॅगेतलं तिखट-चटणी सुरक्षा तपासणीत अडकू शकतं. सुक्या खोबऱ्याची वाटी अजिबात नको: तेल जास्त असल्याने विमानवाले ती ज्वलनशील धरतात. पॉवर बँक उलट हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही.

१९. सामानात काय घ्यावं? एक चादर, टॉवेल घेऊ का?

चादर घरी ठेवा. चाटी गल्लीतली चांगली चादर वजनदार असते आणि देशांतर्गत विमानात चेक-इनला बहुधा १५ किलोच मिळतात. जाड टर्किश टॉवेलही नको. एकदा भिजला की दमट हवेत दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारतो. त्याऐवजी माणशी दोन पंचे. अंग पुसायला, वाळूवर अंथरायला, उन्हात डोक्यावर घ्यायला तेच, आणि तासाभरात वाळतात. पोहायला पूर्ण बाह्यांचा नायलॉन-लायक्राचा टीशर्ट घ्या. सुती कपडा पाण्यात जड होतो. पूर्ण बाह्यांच्या टीशर्टने उन्हापासून बचाव होतो आणि सनस्क्रीन कमी लागतं, प्रवाळालाही तेच बरं.

२०. एजंट बाराटांगची सहल आग्रहाने देतोय. घ्यावी का?

विश्रांतीसाठी जाताय तर नको. पहाटे तीन-साडेतीनला निघून जिरकाटांगला गाड्यांच्या ताफ्याची वाट पाहायची, मग जंगल, होडी, चुनखडीची गुहा, आणि पुन्हा तोच प्रवास. अख्खा दिवस. तो रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. गाडी थांबवणं, त्यांचे फोटो काढणं, खाऊ देणं हा गुन्हा आहे. १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमावलीखाली कारवाई होते. कुठला चालक 'आदिवासी दाखवतो' म्हणाला, तर त्या गाडीत बसू नका.

२१. सेल्युलर जेलला किती वेळ ठेवावा?

दोन तास, दुपार उतरल्यावर, आणि जमल्यास संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम. १९०६ मध्ये बांधून झालेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात. चार हुतात्म्यांच्या गावचा माणूस हे चुकवत नाही, म्हणून वेगळा आग्रह करत नाही.

२२. सत्तरीचे आई-वडील सोबत आहेत. जमेल का?

जमतं, पण चार गोष्टी आधी बघा. फेरीत चढताना फळी हलते, दोन्ही बाजूंनी हात द्यायला माणूस हवा. व्हीलचेअर लागत असेल तर कंपनीला आधी कळवा. खोली तळमजल्याची आणि जेवणघराजवळची मागा, कारण रिसॉर्टमध्ये पायवाटा वाळूच्या, रात्री अंधाऱ्या. बेटांवर प्राथमिक उपचार होतात, मोठं दुखणं आलं तर श्री विजयपुरमच्या जी. बी. पंत रुग्णालयात न्यावं लागतं, म्हणजे मध्ये समुद्र. नुकतीच अँजिओप्लास्टी वगैरे झाली असेल तर डॉक्टरांना ही गोष्ट सांगून मगच ठरवा. आणि त्यांच्यासाठी शहीद द्वीप स्वराजपेक्षा सोपं, कारण सपाट आणि अंतरं कमी.

२३. पॅकेज घ्यावं की आपलं आपण करावं?

विमान, तीन हॉटेलं आणि तीन फेऱ्या, एवढंच बुकिंग आहे. घरातल्या कॉलेजच्या पोराला एका संध्याकाळी जमतं. पॅकेज घेतलंत तर हे लेखी मागा: फेरीचं नाव आणि वर्ग, हॉटेलचं नाव (नुसतं 'थ्री स्टार' नव्हे), किनाऱ्यापासून अंतर, नाश्त्याखेरीज कुठलं जेवण, फेरी रद्द झाल्यास वाढीव मुक्कामाचा खर्च कोणाचा. शेवटच्या मुद्द्यावर आवाज खाली गेला तर समजून घ्या.

२४. अंदमानऐवजी लक्षद्वीप का नको?

सुंदर आहे, पण प्रवेश परवाना आधी लागतो, राहायच्या जागा थोड्या, आणि बहुतेकदा कोचीला जाऊन तिथून अगत्तीचं विमान किंवा जहाज धरावं लागतं. सोलापूरहून पहिल्यांदाच बेटावर जाणाऱ्यांना अंदमान सोपं पडतं.

२५. मुलांनी किनाऱ्यावरून शिंपले गोळा केलेत. आणले तर चालतात का?

नाही. प्रवाळाचे तुकडे, मेलेले पांढरे असले तरीही, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, शिंपल्यांच्या अनेक जातीही. विमानतळावर स्कॅनरमध्ये ते दिसतात, बॅग उघडायला लावतात आणि प्रकरण दंडापर्यंत जाऊ शकतं. रिकाम्या शंखात बहुतेक वेळा साधू खेकडा राहत असतो, तो मुलांना दाखवा आणि शंख तिथेच ठेवा. भेटवस्तू हव्याच असतील तर परवानाधारक दुकानातून किंवा श्री विजयपुरममधल्या 'सागरिका' या सरकारी एम्पोरियममधून घ्या. बिल मात्र बॅगेच्या तळाशी टाकू नका. तपासणीत तेच आधी मागतात.